चोच छाटावी की खुराडे बदलावे?





वरकरणी क्षुल्लक वाटेल असा एक प्रश्न या अंकात आपल्यापुढे ठेवतो आहे. एका खुराड्यात कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागतात, रक्त निघेपर्यंत टोचतात, कधी कधी एखादीचा जीवही घेतात. अशा वेळी दोष कोणाचा मानायचा? आणि पाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य कोणते?

इथे इंग्लंडमध्ये आपल्यातल्या काही कुटुंबांनी घरामागच्या बागेत चार-सहा कोंबड्या पाळल्या आहेत. आमच्याकडेही सहा आहेत. ज्यांच्याकडे कोंबड्या नाहीत, त्यांच्या फ्रिजमध्ये बहुधा अंडी असतात. ज्यांच्या घरी अंडीही येत नाहीत, त्यांनीही पुढे वाचावे अशी विनंती आहे. कोंडलेल्यांनी एकमेकांना जखमी करणे ही गोष्ट कोंबड्यांपुरती नाही, आणि आपल्या समाजाला ती पुस्तकातून शिकावी लागलेली नाही.

नेमके काय घडते?

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. आमच्या कामात एक शिस्त असते. बिघाड दिसला की लगेच ठिगळ लावायचे नाही, तो कशामुळे होतो ते आधी शोधायचे. तीच शिस्त इथे पाळू.

कोंबड्यांच्या टोचण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि आपण त्यांची नेहमी गल्लत करतो. पहिला प्रकार मानापानाचा. नॉर्वेचे संशोधक थोर्लीफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२१ च्या सुमारास दाखवून दिले की कळपात कोणी कोणाला टोचायचे याचा एक क्रम ठरलेला असतो. ‘पेकिंग ऑर्डर’ हा शब्द तिथूनच रूढ झाला. हे टोचे समोरून, बहुतेक डोक्यावर बसतात. क्रम एकदा ठरला की मारामारी कमी होते, नुसत्या नजरेवर भागते.

दुसरा प्रकार पिसे टोचण्याचा. यात राग दिसत नाही. कोंबडी दुसरीच्या मागून शांतपणे येते, पाठीवरचे किंवा शेपटीजवळचे पीस चोचीत धरते, उपटते आणि पुष्कळदा गिळून टाकते. या विषयावर काम करणाऱ्या अनेक संशोधकांचे मत असे आहे की हे भांडण नव्हे, हे वाट चुकलेले दाणे टिपणे आहे. कोंबडीची मूळ पूर्वज म्हणजे आशियाच्या जंगलातली लाल रानकोंबडी. ती जागेपणीचा बराचसा वेळ माती उकरण्यात आणि टिपण्यात घालवते. आपल्या आजीच्या गावरान कोंबड्या आठवून पाहा. सकाळी डालगे उचलले की दिवसभर उकिरड्यावर पाय चालू आणि चोच चालू. किडा, दाणा, गवताचे कोवळे पाते, जे मिळेल ते टिपत फिरायचे आणि तिन्हीसांजेला घरी परतायचे.

खुराड्यात तयार खाद्य समोर असते. पोट थोड्या वेळात भरते, पण उकरण्याची ओढ भरत नाही. खाली नुसती जाळी असेल किंवा शेणाने घट्ट झालेला ओला थर असेल, तर त्या चोचीसमोर उरते काय? शेजारणीचे पीस.

सुरुवात हळुवार असते. मग पिसे मुळापासून निघू लागतात, कातडी उघडी पडते, रक्ताचा ठिपका दिसतो आणि तो लाल ठिपका बाकीच्यांना ओढून आणतो. एकीचे पाहून दुसरी तेच करू लागते. अंडे घालताना कोंबडीच्या मागच्या भागातली नाजूक आतली त्वचा क्षणभर बाहेर येते. तिथे टोचा बसला तर जखम आतड्यापर्यंत जाऊन मरण ओढवते. पिसे गेलेली कोंबडी थंडीने गारठते आणि अंगाची ऊब टिकवण्यासाठी जास्त खाते.

कारणे एकापेक्षा अधिक असतात. जागेच्या मानाने गर्दी जास्त, उजेड डोळ्यांवर येणारा, खाद्यात प्रथिने किंवा मीठ कमी, खाद्य अचानक बदललेले, खाद्याची भांडी मोजकी, अंडी घालायला आडोसा नाही, जुन्या कळपात नव्या कोंबड्या एकाएकी सोडलेल्या. रेड माइट नावाचे बारीक किडे दिवसा लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री कोंबड्यांचे रक्त पितात. त्या त्रासानेही कळप चिडचिडा होतो.

बर्ड फ्लूच्या साथीमुळे २०२१ आणि २०२२ अशा सलग दोन हिवाळ्यांत इंग्लंडमध्ये सरकारी आदेश निघाला आणि सर्व पाळीव पक्ष्यांना काही महिने छपराखाली बंदिस्त ठेवावे लागले. ज्या कोंबड्या रोज बागेत मोकळ्या फिरत होत्या, त्याच एका आडोशात अडकल्या. अशा काळात पिसे टोचण्याचा धोका वाढतो. कोंबड्या त्याच, चोचीही त्याच असतात. बदललेले असते ते भोवतालचे.

चोचीवर थांबणारे उपाय

यावर उद्योगाने शोधलेला एक जुना उपाय म्हणजे चोचीचे टोक छाटणे. चोच म्हणजे नखासारखी निर्जीव वस्तू नाही. तिच्यात मज्जातंतू आहेत. कोंबडी चोचीने जग चाचपते, जसे आपण बोटांनी चाचपतो. पूर्वी तापलेल्या पात्याने टोक कापत. आता ब्रिटनमध्ये व्यापारी पातळीवर एक दिवसाच्या पिलाच्या चोचीवर इन्फ्रारेड किरण सोडतात आणि पुढे ते टोक गळून पडते.

ब्रिटनमध्ये चोच छाटण्यावर २०११ पासून पूर्ण बंदी यायची होती. ती पुढे ढकलली गेली आणि २०१६ हे वर्ष समोर ठेवले गेले. २०१५ मध्ये सल्लागार गटाने सांगितले की एवढ्यात बंदी घातली तर न छाटलेल्या चोचींनी कोंबड्या एकमेकींना अधिक जखमी करतील, आणि बंदी पुन्हा टळली. हा सल्ला देणारे लोक निर्दय नव्हते. त्यांची भीती खरी होती. पण तात्पुरती म्हणून आलेली सोय पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकते, हे यातून दिसते. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या देशांनी कायद्याने चोच छाटणे बंद केले, म्हणजे दुसरी वाट अशक्य नाही.

दुसरा एक उपाय ऐकून आपल्यातले एमबीए झालेले वाचक ओळखीचे हसतील. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये १९७० च्या दशकापासून शिकवली जाणारी एक प्रसिद्ध केस आहे. कोंबड्यांच्या डोळ्यांत लाल कॉन्टॅक्ट लेन्स बसवायची, म्हणजे त्यांना नीट दिसणार नाही आणि त्या टोचणार नाहीत. विद्यार्थ्यांनी सोडवायचा प्रश्न काय, तर या लेन्सची किंमत किती ठेवावी आणि ती कोणाला विकावी. कोंबडीला जग धूसर दिसावे का, हा प्रश्न त्या हिशेबात बसत नाही.

चोच छाटणे, डोळ्यांवर लेन्स चढवणे, शेड अंधारी ठेवणे, या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक उपाय कोंबडीतून काहीतरी काढून घेतो आणि खुराड्याला हात लावत नाही.

राजा महाविजिताला मिळालेला सल्ला

दीघनिकायातले कूटदंत सुत्त आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकले असेल. तथागत तिथे राजा महाविजिताची गोष्ट सांगतात. राजाला मोठा यज्ञ करायचा असतो, पण राज्यात चोऱ्या आणि लुटालूट माजलेली असते. पुरोहित त्याला सांगतो की चोरांना मारून, बांधून किंवा हाकलून हा त्रास संपणार नाही. जे उरतील ते पुन्हा उठतील. त्यापेक्षा शेती आणि गुरे सांभाळणाऱ्यांना बियाणे आणि चारा द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, राजसेवेत असलेल्याला योग्य वेतन द्या. लोक आपापल्या कामात गुंतले की राज्याला उपद्रव देणार नाहीत.

या सल्ल्यात चोरी चांगली आहे असे कुठेही म्हटलेले नाही. चोरीला कारण आहे, आणि ते कारण राजाच्या हातात आहे, एवढेच त्यात म्हटले आहे. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे हेच: हे असले की ते होते, हे नसले की ते होत नाही. खुराड्यात हा सिद्धांत अक्षरशः दिसतो. चोचीला उकरायला कोरडे तूस द्या, दाणे पसरून टाका, आणि तीच कोंबडी शेजारणीला विसरून तासन्‌तास मातीत रमते.

बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्मावर दुःखाची जबाबदारी ढकलणे का नाकारले, हेही इथे समजते. टोचली गेलेली कोंबडी मागच्या जन्मीचे काही फेडत नाही. तिच्या दुःखाचे कारण याच खुराड्यात आहे, मोजता येण्यासारखे आहे आणि दूर करण्यासारखे आहे.

जखम आधी

आता प्रत्यक्ष कर्तव्याकडे येऊ. कारणांचा शोध कितीही महत्त्वाचा असला तरी रक्त वाहत असताना कारणांवर प्रवचन करणे ही करुणा नव्हे. ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत त्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

रक्त निघालेली कोंबडी त्याच क्षणी बाजूला घ्या. कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुवा आणि पशुवैद्याला विचारून जंतुनाशक फवारा मारा. रक्ताचा लाल रंग झाकणारा रंगीत फवारा मिळतो, तो उपयोगी पडतो. जखम खोल असेल किंवा मागच्या भागाला असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

तिला वेगळे ठेवताना एक काळजी घ्या. ती बाकीच्यांना दिसेल अशी, जाळीच्या पलीकडे ठेवा. पूर्ण नजरेआड गेलेली कोंबडी परत आली की कळप तिला परकी समजतो आणि ती पुन्हा मार खाते. बरी झाली की अंधार पडताना तिला दांडीवर बाकीच्यांजवळ बसवा.

आणि टोचणारी एकच आहे हे दिसत असेल तर चार-पाच दिवस तिला बाजूला काढा. परत आल्यावर तिची जागा थोडी खाली सरकलेली असते आणि तिचा जोर उतरलेला असतो. या साध्या युक्तीत मला एक मोठी गोष्ट दिसते. ज्याला मार बसला त्याला वेगळे काढून ठेवणे नेहमीच सोपे असते. आपल्या पूर्वजांची वस्ती गावकुसाबाहेर होती. गावात कोणाच्या मनाला कीड लागली होती आणि बाहेर कोणाला काढले गेले, हे आपल्याला सांगावे लागत नाही. म्हणून जखमीला वेगळे करायचेच असेल तर ते तिच्या उपचारापुरते आणि तिला परत आणण्यासाठी असावे.

त्यानंतर खुराडे. खाली कोरडे तूस, भुसा किंवा पेंढा जाड पसरा आणि ओला झाला की बदला. मूठभर दाणे त्यात विखरून टाका, म्हणजे शोधावे लागतील. धुळीत लोळण्यासाठी कोरड्या मातीची पेटी ठेवा. कोबीचा गड्डा दोरीने टांगा. खाद्य आणि पाणी दोन-तीन कोपऱ्यांत ठेवा, म्हणजे एक दांडगी कोंबडी सगळ्यांची वाट अडवू शकणार नाही. एखादी फळी आडवी लावा, जिच्यामागे दुबळीला लपता येईल. अंडी घालायची पेटी थोडी अंधारी असू द्या. रात्री बॅटरी घेऊन दांड्यांच्या फटी तपासा. खाद्य अंड्यांवरच्या कोंबड्यांसाठीचे, साधारण १६ टक्के प्रथिने असलेले असावे.

ब्रिटनमधल्या वाचकांसाठी दोन गोष्टी. उरलेला भात किंवा चपाती कोंबड्यांना घालायची आपली सवय इथे चालत नाही. स्वयंपाकघरातून गेलेले अन्न त्यांना घालणे कायद्याने मना आहे, सूट फक्त संपूर्ण व्हीगन घरांना. कोबीसुद्धा थेट बागेतूनच द्यावा. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये एक कोंबडी पाळली तरी नोंदणी करावी लागते.

एवढे करूनही एखादी कोंबडी इतकी जखमी होते की ती वाचणार नाही आणि वेदना थांबणार नाहीत. मग पशुवैद्याकडून तिचा शेवट करवणे हा पहिल्या शीलाचा भंग आहे का? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेब मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक करतात, आणि अहिंसा हा बांधून टाकणारा नियम नसून विचार करायला लावणारे तत्त्व आहे असे मांडतात. माझ्या समजुतीप्रमाणे तडफडणाऱ्या जिवाच्या बाबतीत उत्तर ‘भंग नाही’ असे आहे. पण हेच तत्त्व दुसऱ्या ठिकाणी आपल्याला अडवतेही. टोचणाऱ्या कोंबडीला कापून मोकळे व्हावे, असा सल्ला पुष्कळ जण देतात. तिथे विचारावे लागते की गरज खरोखर होती का? खुराडे तसेच ठेवले तर आज एक कापली, उद्या दुसरी टोचू लागेल. म्हणजे ती गरज नव्हती, तो आपला कंटाळा होता. नियमाच्या मागे लपता येते, तत्त्वाच्या मागे लपता येत नाही.

‘हा तर निसर्गच आहे’

इथे एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. परदेशातल्या भारतीयांच्या गप्पांत आपण तो ऐकतो. कोंबड्यांमध्येसुद्धा उच्च-नीच क्रम असतो, मग माणसांत असला तर नवल काय? ‘पेकिंग ऑर्डर’ हा शब्द या कामी फार सोयीचा पडतो.

या युक्तिवादाला उत्तर द्यायला कोंबडीच पुरेशी आहे. कळपातली तिची जागा तिची स्वतःची असते. ती ताकद, वय, तब्येत आणि ओळख यांवर ठरते आणि बदलते. आजारी पडली की घसरते, नवा कळप आला की पुन्हा ठरते. वरच्या कोंबडीचे पिलू जन्मतः वरचे नसते. खालच्या कोंबडीच्या पिलाला पाणी पिण्यापासून रोखणारा कोणताही ग्रंथ कोंबड्यांनी लिहिलेला नाही. जातीला निसर्गाचा आधार शोधणाऱ्याला खुराड्यातही तो सापडत नाही.

खुराड्यात सापडते ते वेगळेच. मार खाणारी कोंबडी तिच्याहून दुबळी कोणी दिसली तर तिला टोचते. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध असमानता म्हटले, तिची ताकद याच जागी आहे. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतो, म्हणून वरच्याविरुद्ध सगळे एक होत नाहीत. फरक इतकाच की कोंबडीला खुराडे कोणी बांधले हे कळत नाही. आपल्याला कळते.

गुणवत्ता कशी मोजता?

आणखी एक प्रयोग सांगतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले विल्यम म्युर यांनी १९९० च्या दशकात अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या निवडीवर काम केले. नेहमीची पद्धत अशी की सर्वात जास्त अंडी देणारी कोंबडी निवडायची आणि तिची पैदास वाढवायची. दिसायला हे अगदी न्याय्य आहे. पण एका पिंजऱ्यात अनेक कोंबड्या असताना जास्त अंडी देणारी कधी कधी इतरांना दडपून पुढे गेलेली असते. तिची ‘गुणवत्ता’ शेजारणीच्या अंगावरून निघालेली असते. म्युर यांनी एकेकटी कोंबडी न निवडता पूर्ण पिंजरा निवडला: ज्या पिंजऱ्यातल्या कोंबड्या मिळून चांगल्या जगतात आणि चांगली अंडी देतात, तो. चोचीही छाटल्या नाहीत. सुरुवातीच्या पिढ्यांत वर्षाला ६८ टक्के कोंबड्या मरत होत्या. काही पिढ्यांनी तो आकडा नऊ टक्क्यांच्या आसपास आला आणि अंडीही वाढली.

हा प्रयोगही अपुरा आहे हे मान्य करायला हवे. पिंजरा तसाच ठेवून कोंबडी बदलली, म्हणजे खुराड्याचा प्रश्न शिल्लकच राहिला. तरी त्यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. ‘मेरिट’ हा शब्द आपल्याला आयुष्यभर ऐकवला गेला, कॉलेजच्या प्रवेशापासून बढतीपर्यंत. आयटी क्षेत्रातले आपण सारे दरवर्षी बेल कर्व्हवर मोजले जातो, आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी मागे पडला तर आपला क्रमांक वर जातो. अशा वेळी विचारायचा प्रश्न हा की मोजले काय? एकट्याने किती घातले ते, की त्याच्या भोवतीच्या लोकांचे काय झाले तेही?

आपली स्वतःची खुराडी

आता सर्वात अवघड भाग. परिस्थितीने टोचायला लावले, तर टोचणारा निर्दोष ठरतो का?

कोंबडीच्या बाबतीत मी ‘हो’ म्हणेन. तिच्या ठिकाणी दुखवण्याची चेतना नाही, तिला माती हवी होती. माणसाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत पाहिले. सगळे आधीच ठरलेले आहे असे सांगणाऱ्या मक्खली गोसालाचे मत त्यांनी ठामपणे नाकारले. अंगुलिमालाची गोष्ट आपण मुलांना याचसाठी सांगतो. परिस्थिती माणसाला ढकलते, पण माणूस थांबू शकतो.

परदेशात आपण थोडे लोक आहोत. शहरात आपली चार-दोनशे कुटुंबे, त्यांत दोन मंडळे, तीन व्हॉट्सॲप गट. १४ एप्रिलचा कार्यक्रम कोणाच्या नावाने, व्यासपीठावर कोण, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा हॉल कोणी बुक केला, यावरून वर्षानुवर्षे न बोलणारी माणसे आपल्याला ठाऊक आहेत. अजूनही पोटजात विचारून सोयरीक ठरते, हेही ठाऊक आहे. आणि मग कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणते, “आपल्या लोकांत एकी नाहीच.”

हे वाक्य म्हणजे चोचीला दोष देणे आहे. आपल्या लोकांच्या रक्तात भांडण आहे असे मानणे, हा आपल्याबद्दल इतरांनी पसरवलेलाच समज आहे. खुराडे पाहिले तर दुसरे चित्र दिसते. कामाच्या ठिकाणी आपण आडनाव सांगताना सावध असतो. दिवसभर ज्याला कोणी मान देत नाही, त्याला रविवारच्या बैठकीत अध्यक्षपदाची खुर्ची फार मोठी वाटू लागते. मंडळात करण्यासारखे काम थोडे आणि पदे मोजकी असली की चोची एकमेकांकडे वळतात. काम वाढवा: मुलांचे मराठी आणि पाली वर्ग, नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला पहिले दोन महिने आधार, एकटे पडलेल्या आई-वडिलांची विचारपूस, गावाकडच्या मुलींच्या शिक्षणाचा निधी. खाद्याची भांडी दोन-तीन कोपऱ्यांत ठेवा म्हणजे काय, तर जबाबदाऱ्या वाटून द्या, पदे फिरती ठेवा, तरुण मुली-मुलांना निर्णयाला बसवा.

पण एवढ्यावर थांबता येत नाही. ज्याने गटात एखाद्या भगिनीची जाहीर बदनामी केली, त्याला ‘परिस्थितीच तशी होती’ म्हणून सोडून देता येणार नाही. इथेही क्रम तोच. आधी तिच्या पाठीशी उभे राहा, आणि तिलाच कार्यक्रमांपासून दूर राहायला सांगू नका. टोचणाऱ्याला काही काळ बाजूला बसवा, परतीचा दरवाजा उघडा ठेवून. मग सगळे मिळून विचारा की आपण बांधलेल्या रचनेत असे काय होते, ज्यामुळे हे घडू शकले. तीनही कामे लागतात. केवळ पहिले केले तर पुन्हा जखम होते, केवळ दुसरे केले तर दुसरा टोचणारा उभा राहतो, आणि केवळ तिसरे केले तर जखमी माणूस वाट पाहत बसतो.

पाळणारा कोण?

शेवटी अंड्याकडे येतो. ब्रिटनमधल्या दुकानातल्या प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो आणि त्याचा पहिला आकडा कोंबडी कशी ठेवली होती ते सांगतो. ० म्हणजे ऑरगॅनिक, १ म्हणजे फ्री-रेंज, २ म्हणजे बंदिस्त शेडमध्ये पण पिंजऱ्याशिवाय, ३ म्हणजे पिंजरा. जुने उघडेबोडके बॅटरी पिंजरे २०१२ पासून इथे बंद झाले, तरी थोड्या सोयी असलेल्या पिंजऱ्यात अजूनही एका कोंबडीच्या वाट्याला ७५० चौरस सेंटीमीटर जागा येते. ए-फोर आकाराचा कागद साधारण ६२४ चौरस सेंटीमीटरचा असतो, यावरून अंदाज करा. फ्री-रेंजच्या अंड्यामागेही बहुतेक वेळा टोक छाटलेली चोच असते. भारतात व्यापारी अंडी अजूनही मुख्यतः पिंजऱ्यातूनच येतात.

बावीस प्रतिज्ञांपैकी तेराव्या प्रतिज्ञेत आपण सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याचे वचन दिले आहे. मी कोणाला अंडी सोडा असे सांगत नाही, तो ज्याचा त्याचा विचार आहे. पण अंडे विकत घेणारा प्रत्येक जण खुराड्याच्या भिंतीतली एक वीट ठरवतो, हे नाकारता येत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना ज्यांनी कोंडले, त्यांतल्या पुष्कळांनी स्वतःच्या हाताने कोणालाही मारले नव्हते. ते फक्त ठरलेल्या व्यवस्थेत राहत होते आणि तिचे फळ खात होते. त्यांना आपण निर्दोष मानत नाही. मग ज्या व्यवस्थेत आता आपण पाळणाऱ्याच्या बाजूला उभे आहोत, तिच्याकडे पाहताना मापदंड बदलणार का?

पुढच्या वेळी दुकानात अंड्यांचे खोके उचलाल तेव्हा पहिला आकडा वाचा. आणि पुढच्या बैठकीत कोणी “आपले लोक असेच” असे म्हणाले, तर त्यांना शांतपणे विचारा की खाली तूस किती दिवसांत बदललेले नाही. या लेखावरची आपली मते, विशेषतः न पटलेली, जरूर कळवा.

भवतु सब्ब मंगलं.
जय भीम!